वाचक विचारतात : मालवाहू विमानाच्या वैमानिकाचे स्थळ

प्रश्न : माझ्या मुलीसाठी मालवाहू विमान कंपनीत सहवैमानिक असलेल्या मुलाचे स्थळ सांगून आले आहे. मुलीला मुलगा पसंत आहे. मात्र घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात, की प्रवासी नेतो तो खरा वैमानिक, हा तर ‘आकाशातला ट्रक ड्रायव्हर’. उद्या कंपनीने गाशा गुंडाळला तर याला कोण विचारणार? ही नोकरी कितपत टिकाऊ समजावी?
— एक आई, चिंचवड

उत्तर : मालवाहू विमानासाठी वेगळा, कमी प्रतीचा परवाना नसतो. परवाना तोच, वैद्यकीय तपासणी तीच आणि सिम्युलेटरवरील परीक्षाही तशीच. फरक इतकाच, की हे काम बहुधा मध्यरात्रीनंतर आणि विमानतळाच्या अशा कोपऱ्यात चालते, जिथे प्रवासी कधी फिरकत नाहीत. ॲल्युमिनियमचे डबे रुळांवरून ढकलत विमानात सरकवले जात असतात आणि कोणत्या डब्यात लिथियम बॅटऱ्यांसारखा धोकादायक माल आहे, त्याच्या यादीवर कप्तान सही करत असतो. हे कोणाला दिसत नाही, म्हणून त्याचा रुबाबही वाटत नाही.

आता टिकाऊपणाविषयी. किंगफिशरची उड्डाणे २०१२ मध्ये थांबली, जेट एअरवेजची एप्रिल २०१९ मध्ये आणि गो फर्स्टची मे २०२३ मध्ये. या तिन्ही कंपन्या प्रवासी वाहतुकीच्या आणि नावाजलेल्या होत्या, हे आपल्या मंडळींना आवर्जून सांगावे. याउलट ब्लू डार्टची मालवाहू विमाने १९९६ पासून उडत आहेत. २०२० च्या टाळेबंदीत देशांतर्गत प्रवासी उड्डाणे दोन महिने बंद होती, तेव्हाही औषधे आणि वैद्यकीय साहित्य घेऊन मालवाहू विमाने उडत होती. अर्थात माल वाहणारी प्रत्येक कंपनी तगतेच असे नाही. कॅप्टन गोपीनाथ यांची डेक्कन ३६० नागपूर हे केंद्र धरून २००९ मध्ये उभी राहिली आणि २०११ मध्ये बंदही पडली. म्हणून कंपनीमागे कुरिअरचा स्वतःचा, रोजचा माल आहे की ती दुसऱ्याच्या कंत्राटावर विसंबून आहे, हे आधी विचारावे.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न मुलगा कोणते विमान चालवतो हा आहे, आणि तो सहसा कोणी विचारत नाही. वैमानिकाला प्रत्येक प्रकारच्या विमानासाठी स्वतंत्र मान्यता घ्यावी लागते. तो बोइंग ७३७ वर असेल, तर तेच विमान वापरणाऱ्या प्रवासी कंपन्या भारतात आहेत, त्यामुळे नोकरी गेली तरी दुसरे दार उघडे राहते. तो बोइंग ७५७ वर असेल, तर त्या विमानाचे उत्पादन २००४ मध्येच थांबले असून भारतातील कोणतीही प्रवासी कंपनी ते वापरत नाही. नोकरी बदलायची झाल्यास नव्या विमानाचे प्रशिक्षण घ्यावे लागेल, आणि त्याचा खर्च अनेकदा लाखांच्या घरात जातो. तो भार कोणी उचलायचा आणि मुलावर आधीच्या प्रशिक्षणाचे कर्ज किंवा बाँड शिल्लक आहे का, हे बैठकीत मोकळेपणाने विचारण्यात काहीच गैर नाही.

माझ्या मते मुलीने विचार करावा तो रात्रपाळीचा. पहाटे दोन ते सहा या वेळेत शरीर झोप मागत असते आणि नेमके तेव्हाच जावईबापूंना विमान उतरवायचे असेल. सकाळी दहाला घरात कुकरची शिट्टी वाजवायची की नाही, हा त्या संसारातला रोजचा प्रश्न असणार आहे.