थिसिस सुरू करतेयस ना, मग आधी एवढं बघ

अगं, गोऱ्यांच्या युनिव्हर्सिटीत ब्लॅक मुलांना कसं वागवतात हा विषय चांगला घेतलायस, घाबरू नकोस. मी अमेरिकेत याच विषयावर मुलाखती घेतल्यात, त्यामुळे सुरुवातीला लागेल तेवढंच सांगतो.

पहिली चूक बहुतेक सगळे करतात, मीही केली. गोऱ्यांच्या युनिव्हर्सिटीत ब्लॅक मुलं किती टक्के ते मोजलं की काम झालं असं वाटतं. पण 1962 ला जेम्स मेरेडिथ हा पहिला ब्लॅक विद्यार्थी मिसिसिपी युनिव्हर्सिटीत गेला तेव्हा दंगल होऊन दोन माणसं मेली आणि नंतरही त्याच्या सोबतीला मार्शल, म्हणजे केंद्र सरकारचे पोलीस, ठेवावे लागले, म्हणजे दार उघडलं तरी आत कसं वागवतात हा वेगळाच प्रश्न आहे आणि तुझा विषय तोच आहे.

दुसरं, नुसत्या शिव्या आणि भांडणं शोधू नकोस. ब्लॅक मुलाला ग्रुप प्रोजेक्टला कुणी घेत नाही, लायब्ररीत त्याचंच आयकार्ड मागतात, वर्गात गुलामगिरीचा विषय निघाला की सगळे वळून ब्लॅक मुलीकडेच बघतात... चेस्टर पिअर्स ह्या ब्लॅक मानसोपचारतज्ज्ञाने 1970 मध्ये ह्याला मायक्रोअ‍ॅग्रेशन म्हटलं. एकेक गोष्ट बारीक वाटते पण चार वर्षं रोज सोसलं की माणूस थकतो गं. म्हणून "तुला रेसिझम जाणवला का" असं थेट विचारू नको, "कालचा दिवस कसा गेला" विचार आणि गप्प ऐक.

नायजेरियाहून आलेला आणि शिकागोत वाढलेला मुलगा एकाच खान्यात टाकू नको. जातीशी तुलना करायचा मोह होईल, ती नंतर. थिअरी, सर्व्हे वगैरे आत्ता राहू दे, आधी तीन-चार मुलाखती घे आणि स्वतः टाइप कर.