मासे गरवायचं पहिलं रीळ घेतलंस? मग आधी ड्रॅग शिक

मित्रा, रीळ स्वस्तातलं आहे म्हणून खट्टू होऊ नकोस. खाडीत गरवायला ३००० किंवा ४००० साइजचं साधं स्पिनिंग रीळ आणि सात-आठ फुटी रॉड पुरे.

नवखे फसतात ते ड्रॅगमध्ये, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी किती जोराला सुटेल ते ठरवणाऱ्या रिळाच्या ब्रेकमध्ये. पार आवळून ठेवतात; तांबोशी लागली की एका हिसक्यात दोरी तुटते, गळही जातो. दोरी हाताने ओढून बघ, जोर लावल्यावर स्पूल, म्हणजे दोरी गुंडाळलेली चकरी, करकरत फिरलं पाहिजे. आणि मासा दोरी खेचत असताना हँडल मारू नकोस, पीळ बसतो. माझी एक अख्खी सकाळ असा गुंता सोडवण्यात गेली. शेजारचे आजोबा बांबूच्या काठीने काळुंदरं काढत होते!

बाकी थोडक्यात:
- स्पूल काठोकाठ भरू नकोस, एक-दोन मिलिमीटर कड मोकळी ठेव.
- घरी आल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलकं धू, सुकव, ड्रॅग सैल कर.
- शेंगाळा माशाचा काटा विषारी. गळ काढायला पक्कड लागतेच.
- पावसाळ्यात कातळावर अजिबात नाही.

ल्यूरचं, म्हणजे नकली आमिषाचं, नंतर बघू. सध्या जिवंत कोळंबी लाव आणि भरती लागताना जा.