घड्याळ फुकट देताना

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं घड्याळ काल रात्रीच उघडलं आणि आज दिवसभर ते माझ्या स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात चालू आहे. काळी पाटी, देवनागरी आकडे, खाली वार आणि तारीख, बाकी काही नाही. मला ते फार आवडलं. बरोबरच्या डेव्हलपर मंडळींना फुकट वाटू का, हसणार तर नाहीत ना, असं तू विचारलंयस. वाट, अगदी बिनधास्त वाट. फक्त एवढं ध्यानात घे की ही मंडळी वापरायच्या आधी ते उघडून आत डोकावणार. म्हणून द्यायच्या आधी आतलं घर नीट आवरून घे.

पहिली गोष्ट सेकंदांची. सकाळी चहा घेताना मी नुसती बघत बसले होते. ९:४२:३६ नंतर एकदम ९:४२:३८ आलं. सदतीस दिसलाच नाही. तुझा कोड उघडला तर कारण समोरच होतं. तू टीकिंटरला, म्हणजे पायथनच्या खिडक्या काढणाऱ्या लायब्ररीला, दर वेळी 'हजार मिलिसेकंदांनी पुन्हा बोलाव' असं सांगतोस, पण मधे आकडे काढण्यात दोन-तीन मिलिसेकंद जातात. प्रत्येक फेरीला तेवढी घसरण होते आणि काही शे फेऱ्यांनंतर एक आख्खा सेकंद निसटतो. ठरलेले हजार सांगू नकोस. त्या क्षणी चालू सेकंदाचे किती मिलिसेकंद उलटलेत ते बघ आणि उरलेले तेवढेच थांबायला सांग. अडीचशे उलटले असतील तर साडेसातशे. वर दोन-चार मिलिसेकंद जास्त धर, म्हणजे ते वेळेआधी जागं होणार नाही.

एक गोष्ट मात्र तू पहिल्यापासून बरोबर केलीस. वेळ दर वेळी सिस्टीमला विचारतोस, स्वतः मोजत नाहीस. मी ती चूक केली होती. २००४ साली पुण्यात नोकरीला असताना व्हिज्युअल बेसिकमध्ये एक छोटं घड्याळ केलं आणि आमच्या सगळ्या टीमला दिलं. टायमर वाजला की मी माझ्या आकड्यात एक सेकंद मिळवत असे. मशीन मोठ्या कामात अडकलं की टायमरचे ठोके मागे पडतात आणि हुकलेले ठोके परत मिळत नाहीत, हे मला ठाऊक नव्हतं. शेजारच्या सहकाऱ्याने दुपारभर मोठे रिपोर्ट चालवले. माझं घड्याळ सात मिनिटं मागे पडलं आणि त्याची संध्याकाळची बस चुकली. त्याच्या घरी आजारी आई वाट बघत होती. तो मला एक शब्दही बोलला नाही. त्या रात्री घरी बसून मी तो कोड पहिल्या ओळीपासून पुन्हा लिहिला. पैसे घेतले नाहीत म्हणून त्याची बस चुकायची राहिली नव्हती.

आता आकडे. तुझं घड्याळ दर सेकंदाला किंचित हलतं. एक हा आकडा शून्यापेक्षा किंवा आठापेक्षा अरुंद आहे, त्यामुळे ५९ वरून ०० झाले की सगळी ओळ सरकते. दिवसभर डोळ्याच्या कोपऱ्यात काहीतरी थरथरत राहिलं तर माणूस दोन दिवसांत ते बंद करेल. दहाही आकड्यांची रुंदी एकदा मोजून घे, सर्वांत रुंद आकड्याएवढे चौकोन धर आणि प्रत्येक आकडा आपापल्या चौकोनाच्या मध्यावर काढ. एवढ्या एका दुरुस्तीने घड्याळ भिंतीवर टांगल्यासारखं शांत वाटेल.

आणि तो फाँट बदल. फाइलसोबत आलेली सूचना मी वाचली, त्यात 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलंय. तू ते वाटणार आहेस, म्हणजे तो वैयक्तिक वापर राहत नाही. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' हा फाँट घे, तो ओपन फाँट लायसन्सखाली आहे, म्हणजे प्रोग्रॅमसोबत वाटायला मोकळा. त्या लायसन्सचा मजकूरही सोबत ठेवायचा असतो, तो विसरू नकोस.

लायसन्सवरून तुझ्या कोडचं आठवलं. तू कुठलंच लायसन्स लावलेलं नाहीस. 'फुकट आहे, घ्या' म्हटलं की झालं, असं तुला वाटत असणार. तसं नसतं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचे प्रोग्रॅम साहित्यकृतींतच धरले जातात, त्यामुळे तू लेखी परवानगी देत नाहीस तोवर हक्क तुझ्याकडेच राहतात. जो काळजीपूर्वक काम करतो तो अशा कोडला हात लावणार नाही. दीडशे ओळींच्या घड्याळाला मी एमआयटी लायसन्स लावेन: वापरा, बदला, विका, फक्त माझं नाव आणि ही सूचना राहू द्या, आणि हमी कसलीही नाही. त्यात सुधारणा करून पुढे वाटणाऱ्याने त्याही खुल्या ठेवाव्यात असं वाटत असेल तर जीपीएल नावाचं लायसन्स. दोन्ही चांगली आहेत, पण निवड तूच कर आणि का केलीस ते स्वतःला नीट सांगता आलं पाहिजे.

आता मला खटकलेली गोष्ट. घड्याळ दर मिनिटाला इंटरनेटवरच्या एका वेळेच्या सर्व्हरला विचारतं आणि त्याचा पत्ता तू कोडमध्येच कोरून ठेवलायस. ते काढ. मशीनची वेळ जुळवायचं काम ऑपरेटिंग सिस्टीम आधीच करते. २००३ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठाच्या वेळेच्या सर्व्हरवर सेकंदाला लाखो विचारणा येऊन आदळायला लागल्या. एका कंपनीच्या घरगुती राऊटरमध्ये त्या सर्व्हरचा पत्ता कोरलेला होता, आणि उत्तर आलं नाही की राऊटर दर सेकंदाला पुन्हा विचारत होते. आज तुझं घड्याळ दहा जणांकडे जाईल, उद्या किती जणांकडे जाईल ते तुझ्या हातात नाही. शिवाय कुणी नेटवर्कवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम लावून बघितलं आणि साधं घड्याळ बाहेर बोलताना दिसलं, तर तुझ्यावरचा विश्वास तिथेच संपतो.

जगभरच्या वेळेची यादी तू फक्त पूर्ण तासांची केलीयस. आपण स्वतः ग्रीनिचच्या वेळेपेक्षा साडेपाच तास पुढे, नेपाळ पावणेसहा! फरकाचे आकडे ठेवण्याऐवजी 'आशिया/कोलकाता' अशा टाइम झोनच्या नावांवर चाल. पायथन ३.९ पासून त्याची सोय आतच आहे, विंडोजवर मात्र त्याचा डेटा वेगळा बसवावा लागतो. अमेरिकेतल्या मित्रांची घड्याळं वर्षातून दोनदा पुढे-मागे होतात, तेही त्यातून आपोआप सांभाळलं जातं. वेळ ही माणसांनी ठरवलेली गोष्ट आहे, हे आपल्या मुंबईएवढं कुणाला कळावं? १९०६ पासून देशाला प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबईने एकोणचाळीस मिनिटं मागची आपली 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत सोडली नव्हती.

वाटताना नुसती एक्झी, म्हणजे विंडोजवर थेट चालणारी फाइल, पाठवू नकोस. पायइन्स्टॉलर या साधनाने पायथनच्या कोडमधून बांधलेल्या अशा फाइलवर अँटिव्हायरस पुष्कळदा उगीच संशय घेतो आणि विंडोजही अनोळखी म्हणून अडवतं. सोर्स, म्हणजे मूळ कोड, आधी दे. एक्झी हवी त्याला ती वेगळी दे आणि तिचा चेकसम लिही, म्हणजे फाइल मधे बदललेली नाही हे पडताळता येणारा आकडा. रीडमीमध्ये, म्हणजे सोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये, घड्याळ काय करतं, काय करत नाही आणि सेटिंग कुठल्या फाइलमध्ये लिहितं, एवढं साध्या मराठीत असू दे. आधी तिघा-चौघांनाच दे आणि त्यांतल्या एकाच्या शेजारी बसून बघ. दुसरा मॉनिटर काढल्यावर तुझी खिडकी कुठे जाते ते मला अजून सापडलेलं नाही.

'इतकी घड्याळं असताना हे कशाला', असं कुणीतरी म्हणेलच. युनिक्स-लिनक्सवर खिडक्या दाखवणाऱ्या एक्स विंडोबरोबर एक्सक्लॉक नावाचं घड्याळ कधीपासून येतं, तरी लोकांनी घड्याळं लिहायची थांबवली नाहीत. तुला देवनागरी आकड्यांचं, शांत, कुणाशी न बोलणारं घड्याळ हवं होतं. एवढं उत्तर पुरेसं आहे. गजर, हवामान, पंचांग अशा मागण्या येतील. चूक दाखवणाऱ्याला त्याच दिवशी उत्तर दे, मागणी करणाऱ्याला सवडीने. पंचांगाला तर नाहीच म्हण. तिथी काढायची म्हणजे सूर्य-चंद्राच्या स्थितीचं गणित आलं, तो वेगळाच प्रकल्प आहे, आणि तुला खरंच करायचा असेल तर आपण दोघं मिळून करू.

माझ्या उबुंटू लिनक्सवर टीकिंटर वेगळं बसवावं लागलं, ती एक ओळ रीडमीत घाल. दुरुस्त आवृत्ती रविवारपर्यंत झाली तर आधी मला पाठव. सोमवारी ऑफिसच्या मशीनवर लावते आणि दोन मॉनिटरांचं काय होतं ते तिथे बघून कळवते.

तुझी,
मावशी