निगेटिव्ह घरी स्कॅन करायच्यात, पण मशीन कुठलं घ्यायचं?

जुन्या निगेटिव्हबद्दलची पत्रं यावेळी इतकी आलीत की अख्खा कॉलम त्यांनाच दिलाय. गोव्याच्या हवेत हा विषय पुढच्या पावसापर्यंत ढकलण्यासारखा नाहीच, त्यामुळे आनंदच वाटला.

फोंड्याहून एक वाचक: नमस्कार दादा. आमच्याकडे बिस्किटाच्या दोन पत्र्याच्या डब्यांत निगेटिव्ह आहेत. बहुतेक १९८५ नंतरच्या रंगीत पट्ट्या, घरातली लग्नं, चवथीची माटोळी, म्हार्दोळची जत्रा असं सगळं, आणि तळाशी आजोबांच्या अगफा क्लिक थ्रीवरच्या मोठ्या चौकोनी काळ्या-पांढऱ्या. ऑनलाइन एक छोटा डब्यासारखा स्कॅनर दिसतो, २२ मेगापिक्सेल, पट्टी घातली की काही सेकंदात फोटो, कंप्युटरही लागत नाही. दुसरा ७२०० डीपीआयवाला (इंचाला तेवढे ठिपके टिपणारा) आहे. कुठला घेऊ?

उत्तर: मशीनचं जरा थांबवा. आधी एखाद्या कोरड्या दिवशी बिस्किटाचे दोन्ही डबे उघडून नुसत्या वर्गवारीला बसा, ३५ एमएमच्या पट्ट्या एकीकडे, आजोबांच्या चौकोनी दुसरीकडे, डाग पडलेल्या किंवा वास येणाऱ्या तिसरीकडे. पांढऱ्या उजेडावर धरून बघत गेलात की कळेल, ३६ च्या रोलमधले मनापासून हवेत असे फोटो मोजकेच असतात, ते आधी करायचे, बाकीचे सावकाश. हे मी मुद्दाम सांगतोय कारण घरातलं स्कॅनिंग अर्ध्यावर बंद पडतं ते वेळेपायी, लोक पहिल्या रोलपासून सगळंच सगळ्यात मोठ्या सेटिंगला करायला घेतात आणि तिसऱ्या रोलला कंटाळतात.

आता तुमच्याकडे दोन साइझच्या निगेटिव्ह आहेत आणि यातच तुमचं निम्मं उत्तर आलं. क्लिक थ्रीला १२० चा रोल लागायचा, त्यावर साधारण ५६ बाय ५६ मिलिमीटरची चौकोनी निगेटिव्ह येते, आणि तुम्ही म्हणताय तो छोटा डबा किंवा ७२०० वाला प्लस्टेक ऑप्टिकफिल्म, दोन्ही फक्त ३५ एमएम आणि त्याहून लहान फिल्मसाठीचे. आजोबांचे फोटो त्यात बसणारच नाहीत.

छोट्या डब्यात आत एक साधा कॅमेरा सेन्सर आणि दिवा असतो, तो उजेड आपला आपण ठरवतो आणि थेट जेपेग फाइल देतो, त्यामुळे नवरीच्या शालूची जर किंवा समईची ज्योत पांढरीफटक झाली की मागे जाऊन सुधारता येत नाही. २२ मेगापिक्सेल हा आकडाही बऱ्याचदा लहान सेन्सरच्या चित्राला ताणून केलेला असतो. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला ठीक आहे, पण पुढच्या पिढीला द्यायची कॉपी म्हणून मी तो घ्या म्हणणार नाही.

प्लस्टेक ८१०० आणि ८२००आय ही चांगली मशीनं आहेत, ३५ एमएमसाठी फ्लॅटबेडपेक्षा (सपाट काचेच्या स्कॅनरपेक्षा) बारकावे स्पष्ट जास्त देतात. पण जाहिरातीतल्या ७२०० पैकी प्रत्यक्ष हाती लागतं ते निम्म्याच्या आसपास, आणि पूर्ण ७२०० ला १६ बिटमध्ये, म्हणजे रंगांच्या जास्त छटा ठेवून, स्कॅन केलं तर एकेका फोटोची फाइल ४०० एमबीच्या पुढे जाते, त्यातलं बरंचसं नुसतं ओझं. शिवाय दर फ्रेमला पट्टी हाताने पुढे सरकवायची. दोघांतला मुख्य फरक म्हणजे ८२००आयला इन्फ्रारेड आहे, त्याने धूळ आणि ओरखडे ओळखून पुसता येतात, ८१०० ला ते नाही. डिचोली-साखळीकडची लाल धूळ ज्यांच्या पट्ट्यांवर आहे त्यांनी इन्फ्रारेडवालाच बघावा.

तुम्हाला मात्र मी फ्लॅटबेड सांगेन, एप्सन परफेक्शन व्ही६०० किंवा बजेट असेल तर व्ही८५०, नवा मिळो की वापरलेला. व्ही६०० मध्ये ३५ एमएमच्या १२ फ्रेम एकदम लागतात, १२० ची पट्टीही बसते, इन्फ्रारेडही आहे. त्यावर ६४०० डीपीआय लिहिलंय, पण खरे बारकावे १५००-१६०० च्या आसपासचेच, त्यामुळे २४०० ला स्कॅन करा आणि पुढचा आकडा विसरून जा. तेवढ्यात ३५ एमएमवरून पाच बाय सातची छान प्रिंट निघते. आजोबांच्या चौकोनी निगेटिव्हवरून तर दहा इंची सुद्धा सुरेख येईल कारण मुळात फिल्मच मोठी आहे, या मशीनची खरी मजा तिथेच आहे. रंगीतमधले जे अगदी जिवापाड आहेत तेवढे नंतर कुणाच्या प्लस्टेकवर किंवा लॅबमध्ये करून घ्या.

घरातल्या प्रिंटरवरचा स्कॅनर चालेल का, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय. नाही चालत. निगेटिव्हला उजेड आरपार जायला लागतो, म्हणजे झाकणातही दिवा हवा. आणि वापरलेला फ्लॅटबेड घेताना काचेच्या आतल्या बाजूला धूसरपणा आलाय का ते तिरप्या उजेडात बघा, आपल्या दमट हवेत तो हमखास धरतो.

म्हापशाहून: माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा डीएसएलआर आहे. स्कॅनर न घेता त्यानेच केलं तर?

उत्तर: करा, जरूर करा, कॅमेरा आधीच घरात असेल तर माझ्या मते ३५ एमएमसाठी हाच सगळ्यात चांगला मार्ग, आणि एकदा बसवलं की एक रोल स्कॅनरच्या मानाने फारच पटकन होतो. तुमचा सेन्सर एपीएस-सी, म्हणजे ३५ एमएमच्या फ्रेमपेक्षा लहान, असेल तर पूर्ण एकास एक (सेन्सरवर फिल्मएवढंच चित्र पाडणारी) मॅक्रोही लागत नाही, ०.६५ पटीला ३५ एमएमची फ्रेम भरते. मॅक्रो लेन्स नसेल तर ५० एमएमच्या लेन्सला एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधली पोकळ नळी) लावून सुरुवात होते, कोपरे थोडे सॉफ्ट येतात एवढंच. किट लेन्स नको.

खर्च करायचा तर उजेडावर करा, सीआरआय (उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९५ च्या वरचं एलईडी पॅनेल, नाहीतर त्वचेचे रंग काही केल्या जुळत नाहीत. टॅबलेटच्या स्क्रीनवर थेट पट्टी ठेवून काढलं तर स्क्रीनचे पिक्सेल फोटोत येतात, मधे दुधी अ‍ॅक्रिलिक घालून पट्टी चार-पाच सेंटीमीटर वर उचलायला लागते. कॅमेरा आणि फिल्म समांतर आहेत का हे बघायला फिल्मच्या जागी छोटा आरसा ठेवा, व्ह्यूफाइंडरमध्ये तुमच्याच लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यभागी दिसलं की झालं, या एका गोष्टीने कडेचे निम्मे प्रॉब्लेम जातात. मग आयएसओ १००, एफ ८, रॉ फाइल (कॅमेऱ्याने न सुधारलेली), लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठं करून फिल्मच्या दाण्यावर फोकस, दोन सेकंदांचा टायमर, खोलीत बाकी दिवे बंद. फिल्मची मॅट बाजू लेन्सकडे ठेवायची आणि नंतर फोटो आडवा उलटवून घ्यायचा.

इन्फ्रारेड यात मिळत नाही, म्हणजे धूळ आधीच काढायला हवी. रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, आणि पंखा बंद! गोव्यात पंखा बंद करून बसणं कठीण आहे हे मान्य, त्यासाठी पहाटे करा किंवा एसीच्या खोलीत, फक्त तिथून गार झालेल्या पट्ट्या लगेच बाहेरच्या दमट हवेत आणू नका, वर पाणी धरतं.

डिचोलीहून: फ्लॅटबेड घेतलाय, पण रंगीत निगेटिव्हचे रंग उलटे केले की सगळं निळं-हिरवट, आणि प्रत्येक फोटोत वेगळं. पैसे देऊन सॉफ्टवेअर घ्यावं का?

उत्तर: रंगीत निगेटिव्हला जो नारिंगी थर दिसतो तो मुद्दाम दिलेला असतो, फिल्ममधले रंग शंभर टक्के शुद्ध नसतात, त्यांची चूक भरून काढायला. नुसतं इन्व्हर्ट केलं की तोच नारिंगी निळा होऊन सगळ्या फोटोभर पसरतो. सॉफ्टवेअरला आधी हा थर नेमका कुठल्या रंगाचा आहे ते दाखवायला लागतं, त्यासाठी दोन फ्रेममधली कोरी पट्टी स्कॅनमध्ये येऊ द्या. प्रत्येक फोटोत वेगळं येतंय कारण ऑटो मोड दर फ्रेमला नव्याने अंदाज बांधतोय.

पैसे घालायचेच तर व्ह्यूस्कॅनची प्रोफेशनल आवृत्ती घ्या. त्यात कोऱ्या पट्टीवरून एक्स्पोजर आणि फिल्मचा बेस रंग लॉक करता येतो, म्हणजे अख्खा रोल एकसारखा येतो. जुन्या मशीनांनाही ते जीवदान देतं, निकॉन कूलस्कॅनसारखे बंद झालेले स्कॅनर लोक आजही त्याच्यावर चालवतात. ट्रायल आवृत्ती फोटोवर खुणा टाकते पण तुमचा स्कॅनर चालतो की नाही ते कळतं, आधी ती लावून बघा. सिल्व्हरफास्टमध्ये फिल्मच्या नावाप्रमाणे प्रोफाइल आहेत आणि ती छान आहेत, मात्र त्याचं लायसन्स त्या एका स्कॅनर मॉडेलपुरतं असतं, उद्या मशीन बदललं की परत खर्च. लाइटरूम क्लासिक आधीपासून वापरणाऱ्यांना त्यातच चालणारं निगेटिव्ह लॅब प्रो आवडेल. आणि ज्यांना एक रुपयाही घालायचा नाही त्यांच्यासाठी डार्कटेबल आहे, २०२० च्या ३.२ आवृत्तीपासून त्यात निगाडॉक्टर नावाचं मॉड्यूल आलंय, शिकायला दोनेक संध्याकाळी जातील पण काम पक्कं करतं, कॅमेऱ्याच्या रॉ फाइलवर तर विशेष.

कुठलंही घ्या, एक मात्र कराच, रंग सुधारलेल्या जेपेगबरोबर मूळ १६ बिटचं न सुधारलेलं स्कॅन टिफ किंवा डीएनजीमध्ये ठेवा. व्ह्यूस्कॅन ते इन्फ्रारेडच्या माहितीसकट ठेवू शकतं. दहा वर्षांनी सॉफ्टवेअर आणखी सुधारेल, तेव्हा परत पट्ट्या हाताळायला नकोत, तोवर त्या तशा राहिल्या असतील याची खात्रीही नाही. शार्पनिंग स्कॅन करताना बंदच.

काणकोणहून: काही पट्ट्यांवर जाळ्यासारखे पांढरे डाग आहेत आणि एका पाकिटातून व्हिनेगरसारखा वास येतो. धुऊन काढू का?

उत्तर: पाणी अजिबात लावू नका. जाळी म्हणजे बुरशी, ती फिल्मवरचं जिलेटिन खाते आणि खाल्लेला भाग पाण्यात विरघळायला लागतो, म्हणजे डागाबरोबर चित्रही निघून जाईल. कोरड्या मऊ ब्रशने वरवरची काढा, मग फिल्म क्लीनर किंवा ९९ टक्के आयसोप्रोपिल मऊ कापडावर घेऊन हलक्या हाताने, आधी फोटो नसलेल्या टोकावर करून बघा. आतपर्यंत कोरलेलं परत येत नाही.

वास येतोय त्या पाकिटाला मात्र आजच वेगळं करा. तो अ‍ॅसिटेटचा बेस, म्हणजे फिल्मचं मूळ प्लास्टिक, कुजतोय, त्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या पट्ट्यांनाही लावतं. ते थांबवता येत नाही, मंदावतं फक्त, म्हणून या पट्ट्या आकसून वाकायच्या आत पहिल्यांदा स्कॅन करा, रांगेत बाकी कितीही असू देत. चांगला स्कॅनर यायला वेळ असेल तर तोवर मोबाइलनेच पांढऱ्या उजेडावर ठेवून फोटो काढून ठेवा, तेवढं तरी हाती राहील. नंतर सगळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या पाकिटांत ठेवायच्या, पीव्हीसीच्या नाही, ती घामेजतात आणि चिकटतात. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आत एक स्वस्तातलं आर्द्रतामापक, काटा ५० टक्क्यांच्या खाली राहायला हवा. पावसाळ्यात बाहेर तोच ८० च्या वर असतो!

पेडण्याहून: वडिलांनी १९६७ च्या जनमत कौलाच्या वेळी सभांचे फोटो काढले होते, काळ्या-पांढऱ्या निगेटिव्ह आहेत, पाकिटांवर पेन्सिलीने काहीबाही लिहिलंय. त्यांचं काय करू?

उत्तर: तुमचं पत्र वाचून खरंच आनंद झाला. १६ जानेवारी १९६७ चा तो कौल, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही याचा, त्याआधीच्या सभांची वृत्तपत्रांत न आलेली चित्रं कुणाच्या कपाटात असणं ही केवढी मोठी गोष्ट आहे. इन्फ्रारेड सफाई बंद ठेवा, काळ्या-पांढऱ्या फिल्ममधल्या चांदीतून इन्फ्रारेड आरपार जात नाही आणि मशीन चित्रालाच धूळ समजून पुसायला लागतं. १६ बिट ग्रेस्केल टिफ करा, पट्टीच्या कडेचे नंबर कापू नका, फ्रेमचा क्रम त्यांच्यावरूनच लागतो.

पाकिटं टाकू नका, तीही दोन्ही बाजूंनी स्कॅन करा आणि त्याच फोल्डरमध्ये ठेवा. फाइलचं नाव वर्षापासून सुरू करा, मग गाव, मग पाकिटाचा आणि फ्रेमचा नंबर. माणसांची नावं डिजिकॅमसारख्या फुकट सॉफ्टवेअरने फाइलच्या आतच लिहिता येतात, ती फाइल कुठेही कॉपी केली तरी बरोबर जातात. ती नावं सांगणारी गावातली माणसं आता ऐंशीच्या पुढची असतील, त्यांच्याकडे आधी जा, साध्या मोबाइल फोटोवरूनही ते ओळखतील, स्कॅनिंग पूर्ण व्हायची वाट बघू नका. एक कॉपी घरी, एक वेगळ्या हार्डडिस्कवर दुसऱ्या कुणाच्या घरी, एक क्लाउडवर. आणि पणजीला पुराभिलेख खात्यात किंवा पाटोवरच्या राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन स्कॅनची एक प्रत ठेवून घेतील का विचारा, मूळ निगेटिव्ह मात्र लेखी पावती मिळाल्याशिवाय हातातून सोडू नका.