फक्त ओहम बघून गिटारचा पिकअप घेऊ नकोस

अरे थांब, पिकअप (गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा मॅग्नेट आणि कॉइल) १४ के, म्हणजे १४ हजार ओहम, आहे म्हणून तो दमदार असणारच असं तू म्हणतोस, पण तसं नसतं. तो आकडा म्हणजे कॉइलच्या तांब्याच्या तारेचा रेझिस्टन्स, बाकी काही नाही, आणि तो वाढायची कारणं दोन, एकतर वेढे जास्त किंवा तारच बारीक. वेढे वाढले की इंडक्टन्स (बदलत्या करंटला कॉइलचा विरोध) वाढतो, आउटपुट वाढतं, मिड्स (मधले सूर) भरतात आणि वरची चकाकी जाते, पण नुसती तार ४२ गेजऐवजी ४३ (गेजचा आकडा मोठा तशी तार बारीक) घेतली तर तेवढ्याच वेढ्यांत मीटर साधारण पाव पट जास्त दाखवतं आणि आवाज त्या मानाने फारसा बदलत नाही.

टेलीकास्टर गिटारचा नेक (मानेकडचा) पिकअप घे, ४३ गेजची तार, मीटरवर ७-८ के येतो, स्ट्रॅटोकास्टर गिटारचा ६ के च्या आसपास, तरी टेलीचा नेक मऊच वाजतो, कारण वरचं धातूचं कव्हर ट्रेबल, म्हणजे तीच वरची चकाकी, खातं. हंबकर नावाच्या पिकअपमध्ये तर ४-४ के च्या दोन कॉइल सिरीजमध्ये असतात म्हणून ८ दिसतात.

आणि मॅग्नेट! अल्निकोचा (ॲल्युमिनियम, निकेल, कोबाल्टच्या मिश्रधातूचा) काढून सिरॅमिकचा टाक, आवाज लगेच टोकदार होईल, मीटर मात्र जागचं हलणार नाही. म्हणून मी नेहमी आधी तार, वेढे, मॅग्नेट विचारतो.

मोजायचंच असेल तर व्हॉल्यूम फुल ठेव, मीटर २० के च्या रेंजवर, आणि दुपारच्या उन्हात मोजू नकोस, १० डिग्रीला ४ टक्के फरक पडतो.