फँटसी कथाविश्वांवरील फॅन फिक्शन नेमके कोण लिहिते आणि कोण वाचते?

फँटसी कादंबऱ्यांवरचे फॅन फिक्शन, म्हणजे मूळ कथेतली पात्रे आणि जग घेऊन चाहत्यांनी लिहिलेल्या कथा, बहुतेक शाळकरी मुलेच लिहितात आणि वाचतात का, असे आपण विचारले आहे. ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे लेखक टोल्कीन यांच्या मध्य-पृथ्वी या काल्पनिक जगाच्या फॅण्डममध्ये, म्हणजे चाहत्यांच्या समुदायात, मी बरीच वर्षे वाचते आणि लिहिते आहे, त्या अनुभवावरून सांगते: नाही.

शाळेच्या वयात सुरुवात करणारे पुष्कळ असतात, पण टिकून लिहिणाऱ्यांत प्रौढ स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. ‘आर्काइव्ह ऑफ अवर ओन’ या फॅन फिक्शनच्या ऑनलाइन कथासंग्रहाच्या वापरकर्त्यांची एका चाहतीने २०१३ साली पाहणी केली. तिला सुमारे १०,००० जणांनी उत्तरे दिली. त्यांत स्त्रिया जवळपास ८० टक्के, तर पुरुष अवघे ४ टक्के होते आणि सरासरी वय पंचविशीच्या आसपास होते. ज्यांना हौस होती त्यांनीच उत्तरे दिली असल्यामुळे तिला जनगणना मानता येणार नाही, पण मला रोज भेटणारी माणसे या चित्राशी जुळतात. टोल्कीनच्या फॅण्डममध्ये तर पिढ्याच एकत्र नांदतात: १९६०च्या दशकातल्या सायक्लोस्टाइल नियतकालिकांचा काळ पाहिलेले वाचक, २००१ ते २००३ दरम्यानच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ चित्रपटांमुळे आलेले आणि २०२२च्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ या मालिकेनंतर रुजू झालेले नवखे, सारे एकाच कथेखाली वाद घालत असतात.

स्त्रियाच इतक्या का, याचे माझ्या मते सर्वांत चांगले उत्तर मूळ ग्रंथातच सापडते: तिथे अनेक स्त्री पात्रांना मोजकीच जागा मिळते. टोल्कीन यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी १९७७ साली संपादित करून प्रसिद्ध केलेल्या, या जगाच्या प्राचीन काळाच्या कथा सांगणाऱ्या ‘द सिल्मरिलियन’मध्ये फेआनोर या कारागिराच्या कर्तृत्वाला आणि गर्वाला पानेच्या पाने मिळाली आहेत, त्याच्या सात मुलांची आई नेर्दानेल मात्र मोजक्या वाक्यांत येते. ती नवऱ्याइतकीच खंबीर, पण त्याच्यापेक्षा संयमी होती आणि पुढे त्याच्यापासून दुरावली, एवढेच तिथे कळते. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या मसुद्यांत तिचा आणखी एक प्रसंग आहे: फेआनोर मुलांना घेऊन देश सोडून निघताना, धाकट्या जुळ्यांपैकी निदान एकाला तरी मागे ठेव, अशी ती नवऱ्याला विनवणी करते आणि तो नकार देतो. मुले बापामागे निघून गेल्यावर तिचे दिवस कसे गेले असतील, हा प्रश्न ज्या वाचकाला स्वस्थ बसू देत नाही, तो एक दिवस लिहायला बसतो. तिच्यावरच्या ज्या कथा मी वाचल्या, त्यांतल्या काही मला मूळ ग्रंथाइतक्याच जिवाभावाच्या वाटतात, आणि हे मी पूर्ण जबाबदारीने म्हणते.

म्हणूनच इथे लेखक आणि वाचक अशी कायमची विभागणी करता येत नाही. आज जी माझ्या कथेची बीटा, म्हणजे प्रसिद्धीपूर्वी मसुदा तपासणारी वाचक असते, तिच्या कथेचा मसुदा उद्या माझ्याकडे येतो. ही तपासणी फार काटेकोर असते. टोल्कीन यांच्या कथाविश्वात सूर्य जन्माला येण्यापूर्वीच्या काळात वर्षे दोन तेजस्वी वृक्षांच्या प्रकाशावर मोजली जात आणि तसे एक वर्ष आपल्या साडेनऊ वर्षांहून किंचित मोठे होते. त्यामुळे एखाद्या एल्फ, म्हणजे त्या जगातल्या अमर जमातीतल्या, मुलाचे वय चुकीचे लिहिले, तर ग्रंथातला दाखला देऊन ते दुरुस्त करायला लावणारी वाचक हमखास भेटते. अशा अभ्यासू लोकांना पोरकट म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

यात पैसा नाही. आर्काइव्ह हा कथासंग्रह ना-नफा तत्त्वावर, देणग्या आणि स्वयंसेवक यांच्या बळावर चालतो, तिथे जाहिराती नाहीत, आणि २०१९ साली विज्ञानकथा-फँटसी क्षेत्रातला ह्यूगो पुरस्कारही त्याला मिळाला.

आपल्या प्रश्नातला सर्वांत मोठा गट मात्र कोणत्याही पाहणीत पुरता येत नाही. बहुतेक कथा खाते न उघडताही वाचता येतात आणि असंख्य लोक एक शब्दही न लिहिता तसे वाचतात. त्यांचे वय, लिंग वा देश यांबद्दल कोणी ठामपणे बोलू लागले, तर आपण विश्वास ठेवू नये. त्यांतलेच काही जण पुढे लेखक होतात, हे मात्र नक्की. कारण पहिल्या कथेच्या टिपेत ‘इतकी वर्षे नुसती वाचत होते’ असे लिहिणारे मला वारंवार भेटले आहेत.