आमदार-खासदारांनी पदावर असताना धंदा किंवा वकिली करून पैसे कमावणं योग्य आहे का? त्यावर सरळ बंदी का घालत नाहीत?

कमवावेत, खुशाल कमवावेत. फक्त ज्याची फाईल आपल्यासमोर येणार आहे, त्याच्याकडून घेऊ नयेत. एवढं ठासून सांगतो, कारण याच मुद्द्यावरून माझं आणि माझ्या चुलत भावाचं अजून वाजतं.

नागपुरात महाल भागात काकांची प्रिंटिंग प्रेस होती. लग्नपत्रिका, पावती पुस्तकं व्हायचीच, पण खरा आधार महापालिकेच्या फॉर्म-रजिस्टरांचा. मग प्रभाग महिलांसाठी राखीव झाला, काकूला तिकीट मिळालं आणि ती चक्क निवडून आली. महापालिकेच्या कंत्राटात नगरसेवकाचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध निघाला, तर पद जातं. काका म्हणाले, "तुयं काय जाते? प्रेस माह्या नावावर आहे." काकू म्हणाली, "अन् घरात किराणा कोनाच्या पैशानं येते?" कोर्टात भांडता येईल, असं वकील सांगत होते. तिला भांडायचंच नव्हतं.

मग पक्षातल्या एका जाणत्यानं तोडगा काढला: काम काकूच्या भावाच्या नावावर करा, सगळे तसंच करून राह्यले. त्या भावानं, म्हणजे मामांनी, लगेच फर्मचं नाव ठरवलं, लेटरहेडही छापून घेतलं, तेही काकांच्याच प्रेसमध्ये! या लेटरहेडवर एकही बिल गेलं, तर त्याच दिवशी राजीनामा देईन, असं काकूनं सांगितलं. महापालिकेचं काम हातचं गेलं.

पण तिनं स्वतःचं फॉल-पिकोचं मशीन नगरसेविका असताना एक दिवस बंद ठेवलं नाही. माझ्या चुलत भावाला त्याची लाज वाटायची. माझ्या मते तिचं खरं जनसंपर्क कार्यालय तेच होतं. साडी घेऊन आलेली बाई नळाला पाणी किती वाजता येतं, हेही सांगून जायची. आणि सभागृहात नालीच्या कामाची फर्म कोणाची, हे ती उभी राहून विचारू शकायची. बाकीचे गप्प का बसायचे, ते शहराला माहीत होतं.

भाऊ आजही म्हणतो, आईच्या तत्त्वांनी प्रेस बुडवली. साफ खोटं. फॉर्म ऑनलाइन गेले, पत्रिका मोबाइलवर आल्या. आमच्या गल्लीतल्या ज्या प्रेसवाल्यांच्या घरात कोणी नगरसेवक नव्हता, त्यांचीही शटरं पडलीच की. त्यांना कुठली तत्त्वं नडली?

आता तुमचा प्रश्न. सरसकट बंदी आपल्याकडे नाही. आमदार-खासदारांना वकिली करता येते, सुप्रीम कोर्टानं २०१८ साली तसा निकालच दिलाय. सरकारला माल पुरवायचं किंवा सरकारी काम करायचं कंत्राट स्वतःच्या नावावर चालू असेल, तर १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ९-अ खाली अपात्रता येते. लाभाचं पद, म्हणजे सरकारकडून आर्थिक लाभ मिळणारं दुसरं पद, ते वेगळं. त्यात २००६ साली जया बच्चन यांची राज्यसभेतली जागा गेली. मंत्र्यांसाठीच्या आचारसंहितेत धंद्याच्या कारभारातून अंग काढून घ्या, असं आहे, आणि ते बरोबरच आहे, मंत्रिपद ही पूर्ण वेळची नोकरी आहे. खासदाराला महिना १ लाख २४ हजार पगार मिळतो, भत्ते वेगळे, म्हणजे उपाशी मरायची वेळ कोणावर नाही. तरीही बंदी मला नको. ज्याच्याकडे परतायला धंदा नाही, तो तिकिटासाठी कोणाचेही पाय धरतो.

वकिलांचं मात्र मला पुरतं पटलेलं नाही. ज्या कंपनीची फी घेतली, तिच्याशी संबंधित विधेयकावर मत द्यायचं, हे फॉल-पिकोसारखं निरुपद्रवी नाही. आणि हेही खरं की काकूला महापालिकेचं काम सोडणं परवडलं, कारण घर स्वतःचं होतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या नगरसेवकानं मानधनावर भागवावं, हे मी कोणत्या तोंडानं सांगू?

विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला शपथपत्रात, नमुना २६ मध्ये, उत्पन्नाचे स्रोत आणि सरकारी कंत्राटं लिहावी लागतात: स्वतःची, जोडीदाराची, अवलंबितांची, भागीदारी फर्मचीही. निवडणूक आयोगाच्या साइटवर आपल्या आमदाराचं काढून वाचा. मेव्हण्यासाठी रकाना नाही. तो आधी आणा, बंदीचं नंतर बघू. आणि दादा, तू हे वाचशीलच: मामांचं ते लेटरहेड कोऱ्याचं कोरं माझ्याकडे आहे, हवं तर दाखवतो.